गळालेले अक्षर कोणी भरावे?



दर्शन आटोपून कार्यालयाच्या खिडकीशी येणारा भाविक बहुधा दोन प्रश्न विचारतो. हे देवालय किती जुने आहे? आणि ते कोणी बांधले? प्रश्न साधे आहेत. परंतु त्यांची उत्तरे पुष्कळ ठिकाणी एखाद्या झिजलेल्या शिळेवरील चार-दोन ओळींवर अवलंबून असतात. महाराष्ट्रातील कित्येक देवालयांच्या पायऱ्यांवर, दीपमाळांवर, बारवांच्या भिंतींवर असे लेख आहेत. कोठे पावसाने अक्षर गेले, कोठे शेंदराच्या थरांखाली ओळ बुजली, तर कोठे जीर्णोद्धाराच्या वेळी शिळा उलटी बसविली गेली. जे उरले ते वाचावयाचे आणि जे गेले त्याविषयी अनुमान करावयाचे, हा पुराभिलेखतज्ज्ञांचा शतकाहून अधिक काळ चालत आलेला परिपाठ आहे.

या परिपाठात अलीकडे एक नवा सहकारी आला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. हजारो नमुने पाहून त्यांतील साम्य संगणकाने स्वतः शोधावे आणि नव्या नमुन्याविषयी अंदाज सांगावा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. या साधनाने पुरातत्त्वशास्त्रात जे घडविले ते थक्क करणारे आहे. त्याचबरोबर त्याने एक जुना नैतिक प्रश्न नव्याने आपल्यापुढे ठेवला आहे. प्राचीन माणसाच्या तोंडचा शब्द काळाने पुसून टाकला असेल, तर तो पुन्हा लिहिण्याचा अधिकार कोणाला? आणि लिहिलाच, तर तो कोणाचा म्हणावयाचा? त्या माणसाचा, तज्ज्ञाचा की यंत्राचा? या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या साधनाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. इटली देशात इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पाँपेई व हर्क्युलेनियम ही नगरे गाडली गेली. हर्क्युलेनियम येथील एका भव्य निवासस्थानातील ग्रंथसंग्रहही त्यात सापडला. पपायरसवर लिहिलेली तेथील भेंडोळी उष्णतेने कोळसा होऊन गेली आणि त्यामुळेच कुजण्यापासून वाचली. १७५२ मध्ये ती खणून काढू लागल्यावर ती उलगडण्याचे नाना प्रयत्न झाले; पण हात लावताच त्यांचे तुकडे पडत. ज्ञानाच्या ओढीनेच ज्ञानाचा नाश व्हावा, असा तो दुर्दैवी प्रकार होता. पुढे जाणत्या लोकांनी उरलेली भेंडोळी तशीच मिटून ठेवली. ‘आज आपल्याला वाचता येत नाही, म्हणून मोडून पाहू नये’ हा त्यांचा संयम आज फळाला आला आहे.

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांनी भेंडोळे न उघडता क्ष-किरणांनी त्याचे अंतरंग टिपण्याची पद्धत अनेक वर्षे खपून विकसित केली. मृत समुद्राच्या काठी एन-गेदी येथे १९७० मध्ये सापडलेले एक जळके भेंडोळे त्यांच्या पद्धतीने वाचले गेले आणि ते ज्यूंच्या धर्मग्रंथाचा भाग असल्याचे निश्चित झाले. हर्क्युलेनियमची अडचण याहून बिकट होती. तेथील शाई काजळीची आणि कागद कोळशाचा. क्ष-किरणांना दोहोंत भेद दिसत नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात सील्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या व वाचणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याच्या संगणकीय प्रणालीने पहिला शब्द ओळखला. तो ग्रीक शब्द ‘जांभळा’ या अर्थाचा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत फॅरिटर, युसेफ नादेर आणि ज्युलियन शिलिगर या तिघांना ७ लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. त्यांनी २,००० हून अधिक अक्षरे उजेडात आणली होती. तो मजकूर सुखाविषयीचा आहे. दुर्मीळ वस्तू विपुल वस्तूंपेक्षा अधिक सुख देतात काय, अशी चर्चा त्यात आहे, आणि तो बहुधा फिलोडेमस या तत्त्वज्ञाचा असावा असे अभ्यासकांचे मत आहे. २०२५ मध्ये ऑक्सफर्ड येथे जतन केलेल्या दुसऱ्या भेंडोळ्याचे नावही वाचता आले. तो याच फिलोडेमसचा दुर्गुणांवरील ग्रंथ निघाला. जवळजवळ दोन हजार वर्षे मुका झालेला माणूस पुन्हा बोलू लागला.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात नाझ्का येथे वाळवंटाच्या भूमीवर प्राचीन लोकांनी रेखाटलेल्या प्रचंड आकृती आहेत. जपानमधील यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी विमानातून घेतलेली छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेतली आणि त्याने दाखविलेल्या जागी पायी फिरून सहा महिन्यांच्या पाहणीत ३०३ नव्या आकृत्या निश्चित केल्या. तोवर ज्ञात असलेल्या अशा आकृत्यांची संख्या सुमारे ४३० होती. हे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील ‘पायी फिरून’ हे शब्द वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावेत. यंत्राने जागा सुचविली. आकृती आहे की नाही, हे माणसाने जमिनीवर उभे राहून ठरविले.

या दोन्ही उदाहरणांत यंत्राने जे आहे तेच दाखविले. शाई होती, पण दिसत नव्हती. आकृती होती, पण नजरेस येत नव्हती. हर्क्युलेनियमच्या कामात तर आणखी एक दक्षता घेतली गेली. यंत्राला एका वेळी फार लहान तुकडा दाखविला जाई, म्हणजे संपूर्ण अक्षराचा आकार त्याला मनाने जुळविता येऊ नये. येथे शाई आहे की नाही, एवढेच त्याने सांगावे. वाचन मग पपायरसविद्येच्या पंडितांनी केले. यंत्राला बोलण्याची मोकळीक मर्यादित दिली, म्हणूनच त्याची साक्ष विश्वसनीय ठरली.

खरा प्रश्न यापुढे आहे. जेथे अक्षर उरलेलेच नाही, दगडाचा कपचाच उडाला आहे, तेथे काय करावयाचे? २०२२ मध्ये डीपमाइंड ही संस्था आणि व्हेनिस, ऑक्सफर्ड व अथेन्स येथील अभ्यासक यांनी मिळून ‘इथाका’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. ग्रीक शिलालेखांचा मोठा संग्रह तिला शिकविला होता. लेखातील गळालेली अक्षरे कोणती असावीत, लेख कोणत्या प्रदेशातील व कोणत्या काळातील असावा, हे ती सुचविते. चाचणीत माहीत असलेली अक्षरे मुद्दाम झाकून ती भरावयास सांगितली. इतिहासाचे अभ्यासक एकटे असता सुमारे २५ टक्के वेळा अचूक ठरले, यंत्र एकटे ६२ टक्के वेळा, आणि यंत्राच्या साहाय्याने अभ्यासक ७२ टक्के वेळा. २०२५ मध्ये लॅटिन लेखांसाठी याच धर्तीची ‘एनिअस’ ही प्रणाली आली.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. माणूस आणि यंत्र एकत्र आल्यास दोघांपेक्षा सरस काम होते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु १०० पैकी २८ वेळा उत्तर तेव्हाही चुकलेलेच असते. आणि प्रत्यक्ष शिळेसमोर उभे असताना आपण ७२ मध्ये आहोत की २८ मध्ये, हे सांगणारा कोणी नसतो. चाचणीत झाकलेले अक्षर उघडून पाहता येते. काळाने झाकलेले अक्षर उघडता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, तज्ज्ञ तरी काय करीत होते? तेही अनुमानच करीत. हे खरे आहे. तथापि दोन अनुमानांत फरक आहे. तज्ज्ञाचे अनुमान त्याच्या नावावर असते. त्याने कारणे दिलेली असतात, दुसऱ्याने ती खोडून काढता येतात, आणि चुकल्यास दोष त्याच्या पदरी पडतो. यंत्र दोष पत्करू शकत नाही. म्हणून त्याचे उत्तर जो स्वीकारतो, त्यानेच त्याची जबाबदारीही स्वीकारावी लागते. ‘संगणकाने असे सांगितले’ हे वाक्य जबाबदारी टाळण्यासाठी वापरले जाऊ लागले, तर ज्ञानाच्या क्षेत्रात कोणीच उत्तरदायी उरणार नाही.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. यंत्र जे वारंवार आढळते त्याकडे झुकते. शंभर लेखांत गळालेल्या जागी राजाचे नाव असेल, तर एकशे एकाव्या लेखातही ते राजाचेच नाव सुचवील. परंतु इतिहासातील पुष्कळ मोलाच्या गोष्टी अपवादाच्या स्वरूपात असतात. आपल्या सह्याद्रीतील लेण्यांचेच पाहा. कार्ले येथील लेखांत सुताराचे नाव आहे, यवन दात्यांची नावे आहेत. कुडा येथे माळ्याने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे, स्त्रियांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. समजा, यांपैकी एखादे नाव झिजून गेले असते आणि केवळ संभाव्यतेच्या हिशेबाने ती जागा भरली असती, तर तेथे एखाद्या श्रेष्ठीचे किंवा अमात्याचे नाव आले असते. माळी आणि सुतार दुसऱ्यांदा पुसले गेले असते. आणि या वेळी पाऊस-वाऱ्याने नव्हे, तर आपल्या हाताने. गळालेल्या जागेवर कोणाचा तरी हक्क असतो. तो माणूस कोण हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याचा हक्क संपत नाही.

आपल्याकडे अक्षराला केवढे मोल होते, हे जुन्या दानपत्रांवरून कळते. दान हिरावून घेणाऱ्यास ताम्रपटांच्या शेवटी कठोर शापवचने असत. अनेक गावांत उभ्या असलेल्या गद्धेगाळीही तेच सांगतात. खोटे राजशासन तयार करणे हा धर्मशास्त्रकारांनी अत्यंत गंभीर अपराध मानला. कारण त्या अक्षरावर कोणाची तरी जमीन, कोणाचे तरी उपजीविकेचे साधन उभे असे. आजही देवस्थानांचे मानपान, वहिवाटी आणि जमिनी यांचे वाद जुन्या कागदांपर्यंत जाऊन पोहोचतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदपत्रांचा प्रचंड संग्रह आहे आणि मोडी वाचणारे थोडे आहेत. २०२५ मध्ये रुडकी येथील आयआयटीच्या संशोधकांनी मोडी लेखनाचे देवनागरीत रूपांतर करणारी प्रणाली पुढे आणली, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. त्यामुळे जे कागद अन्यथा कोणी उघडलेही नसते, ते वाचले जातील. परंतु असा कागद एखाद्या कुटुंबाचा हक्क ठरविणार असेल, तर यंत्राच्या वाचनाखाली मोडी जाणणाऱ्या माणसाची सही असणे अगत्याचे आहे.

येथे देवस्थानाशी संबंधित असलेल्यांपुढे एक मोह उभा राहतो, तोही स्पष्ट सांगितला पाहिजे. ‘इथाका’सारखी प्रणाली एका गळालेल्या जागेसाठी अनेक पर्याय देते व प्रत्येकाची शक्यता सांगते. हा तिचा प्रामाणिकपणा आहे. परंतु त्या यादीतील आपल्याला सोयीचा पर्याय उचलून तोच फलकावर रंगविणे किती सोपे आहे! आपले देवालय शेजारच्या गावापेक्षा दोनशे वर्षांनी जुने ठरावे, बांधणारा राजा प्रख्यात असावा, अमुक घराण्याचा मान पुरातन ठरावा, असे कोणाला वाटत नाही? यंत्र असत्य बोलत नाही आणि सत्यही बोलत नाही. ते शक्यता मोजते. त्या मोजमापातून असत्य निर्माण होते ते आपल्या निवडीमुळे.

या बाबतीत आपल्या परंपरेने घालून दिलेला आदर्श फार उंच आहे. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत पाठांमध्ये शिरलेली अशुद्धे त्यांनी दूर केली. नाथ स्वतः प्रतिभावंत कवी होते. एखादी ओवी रचून घातली असती तर ती कोणास उपरी वाटली नसती. पण त्यांनी उलट इशारा देऊन ठेवला, की या ग्रंथात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवणे होय. ज्याला भर घालण्याचे सर्वाधिक सामर्थ्य होते, त्यानेच भर घालण्याचा मोह निषिद्ध मानला.

दुसरा आदर्श पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा. १९१९ मध्ये आरंभ होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२०० हून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी एक पद्धत ठेवली होती. मूळ पाठ जेथे पूर्ण निश्चित वाटत नसे, तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेषा छापली जाई. वाचकाला त्या रेषेवरून कळते की येथे संपादकाचे मन निःशंक नाही. व्यासांच्या मुखातून निघालेले महाभारत श्रीगणेशाने लिहून घेतले, ही आपणा सर्वांची आवडती कथा. ती मूळ पाठात ठेवण्यास हस्तलिखितांचा पुरेसा आधार मिळेना, तेव्हा संपादकांनी ती परिशिष्टात दिली. कथा नष्ट केली नाही आणि तिला नसलेला आधारही चिकटविला नाही. त्यामुळे कोणाच्या घरचा गणपती बसावयाचा राहिला नाही. श्रद्धेला सत्याचे भय नसते, हे त्या परिशिष्टाने दाखवून दिले.

जगातील विद्वानांनीही हाच संकेत स्वीकारला आहे. १९३१ मध्ये लायडेन येथे ठरलेल्या पद्धतीनुसार लेखातील गळालेली व संपादकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात छापतात. वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिचे एक तत्त्व असे की जेथे केवळ अनुमान सुरू होते तेथे दुरुस्तीचे काम थांबावे, आणि नवा भाग जुन्यापासून ओळखता यावा.

एखादा भाविक विचारील, आपण खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाही, वज्रलेप करतो किंवा विधिपूर्वक विसर्जन करून नवी स्थापन करतो. मग खंडित लेख पूर्ण केला तर काय बिघडले? याचे उत्तर असे की मूर्ती आणि लेख यांचे प्रयोजन भिन्न आहे. मूर्तीत आपण पूर्णत्वाचे दर्शन घेतो, म्हणून ती अभंग असावी लागते. लेख ही साक्ष आहे. साक्षीदाराला अर्धेच आठवत असेल, तर त्याने अर्धेच सांगावे. उरलेले न्यायालयाला बरे वाटावे म्हणून रचून सांगू नये. अर्धी साक्ष ही खरी साक्ष असू शकते. पूर्ण केलेली साक्ष मात्र, ती पूर्ण कोणी केली हे लपविले, तर खोटी होते.

तेव्हा गळालेले अक्षर भरू नये काय? अवश्य भरावे. अनुमानाशिवाय ज्ञान पुढे जात नाही, आणि यंत्राने सुचविलेला पर्याय कधी कधी तज्ज्ञाला वर्षानुवर्षे न सुचलेले दार उघडून देईल. परंतु भरलेल्या अक्षराखालची नागमोडी रेषा कधीही पुसू नये. अडचण अशी की संशोधनग्रंथात असलेली ही रेषा माहितीपुस्तिकेत येईपर्यंत गळून पडते. ‘असावा’ चे ‘आहे’ होते. पुढे फलकावर, मोबाईलवरील संदेशांत आणि मार्गदर्शकाच्या तोंडी ते ‘आहे’ दृढ होते. आणि उद्याचे यंत्र हाच मजकूर वाचून शिकले, तर आपलाच अंदाज पुरावा म्हणून आपल्याला परत मिळेल. म्हणून आमच्यासारख्या पुस्तिका काढणाऱ्यांनी तीन शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवावेत, असे मला वाटते. ‘लेखात असे आहे’, ‘अभ्यासकांचे असे अनुमान आहे’ आणि ‘परंपरा असे सांगते’. तिन्हींना आपापली प्रतिष्ठा आहे. परंपरेला लेखाचा वेष चढविण्याची गरज नाही, आणि यंत्राच्या अनुमानाला परंपरेचा शेंदूर फासण्याचीही गरज नाही.

शेवटी भाविकांस काही विनंत्या. कोणत्याही देवालयातील, लेण्यातील किंवा घाटावरील कोरीव लेखावर तेल, शेंदूर, चुना अथवा ऑइलपेंट लावू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा खिळा फिरवू नये. त्याने अक्षराची मूळ धार जाते आणि पुढे कोणत्याही यंत्राला ती परत आणता येत नाही. भिंतींवर आपली नावे कोरू नयेत. जीर्णोद्धाराच्या कामात अक्षरे असलेली शिळा आढळल्यास ती फोडू वा हलवू नये; आहे त्या स्थितीत, शक्य तर सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात, तिचे छायाचित्र घेऊन पुरातत्त्व विभागास कळवावे. घरात मोडी कागदांचे दप्तर असेल तर ते रद्दीत न घालता कोरड्या जागी जपून ठेवावे, मग ते आज वाचता येवो अथवा न येवो. हर्क्युलेनियमची भेंडोळी ज्यांनी मिटून ठेवली, त्यांना स्वतःला ती वाचावयास मिळाली नाहीत. त्यांनी ती सांभाळली, म्हणून ती दुसऱ्या कोणाला वाचता आली.

– कार्यालय सचिव